हिमालयातली निळी पॉपी लातूरच्या अंगणात येईल का?

प्रश्न: सर नमस्कार, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघून आल्यापासून निळी पॉपी डोक्यातून जाईना. ऑनलाइन बिया मागवून हिवाळ्यात कुंडीत लावल्या, छान उगवल्या पण मार्च लागला तशी रोपं माना टाकायलीत. ग्रीननेट बांधलं, दिवसातून तीनदा पाणी घालतेय तरी फरक नाही. काय करू? – एक वाचक, लातूर

उत्तर: ताई, ग्रीननेटनं ऊन अडतं पण रात्र काही गार होत नाही, आणि खरी गोम रात्रीतच आहे. ही पॉपी 3,000 मीटरच्या वरची, तिथं भर जुलैतही रात्री पारा 10च्या आसपास नाहीतर खालीच, आणि आपलं लातूर साधारण 600 मीटरवर, मे महिन्यात रात्री बारालासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. झाड दिवसा जी साखर बनवतं ती रात्री श्वासात जाळतं, रात्र जेवढी गरम तेवढी जास्त जळते, मग कमाईपेक्षा खर्च वाढतो अन् रोप खंगत जातं. त्यात तीनदा पाणी! कुंडीत काळी माती असेल तर ती पाणी धरून बसते, गरम ओलीत मुळं सडतात, आणि मुळं सडलेलं रोप वरून तहानलेलं दिसतं म्हणून आपण अजून पाणी घालतो. एक रोप उपटून बघा, मुळं तपकिरी झाली असतील अन् चिमटीत धरली की साल सुटून येत असेल तर तेच झालंय.

स्पष्ट सांगतो, निळ्या पॉपीचा नाद सोडा. तिकडचं ब्रह्मकमळही इथं जगणार नाही, आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हा नॅशनल पार्क आहे, तिथून रोप उपटून आणणं गुन्हा आहे. आपल्याकडं ब्रह्मकमळ म्हणून कुंडीत रात्री फुलतं ते वेगळं, मेक्सिकोकडचं निवडुंग, ते लातुरात मस्त येतं, तेच लावा.

पण डोंगरउतारासारखा फुलांचा पट्टा पाहिजे असेल तर आपला हिवाळा वापरा ना! अंगणात फूटभर उंचीचा उतरता ढीग करा, दोन घमेली मुरूम, एक बारीक खडी, एक चाळलेलं शेणखत असं प्रमाण, मधे दगड अर्धे पुरायचे. सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये डायंथस, अलिसम, पॅन्झीचं बी टाका, ऑक्टोबर सरता सरता रोपं ढिगावर न्या, अलिसम दगडांच्या फटीत लावा म्हणजे खाली ओघळत पसरतं. थंडीभर फुलं राहतील. मार्चमध्ये ती जाणारच, तेव्हा त्याच मुरमात चिनी गुलाबाच्या काड्या खोचा, तो मेच्या उन्हातही फुलतो.