टेकडाउन लाँगबोचा सैल सांधा: टेप गुंडाळण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न असा आहे: दोन तुकड्यांच्या लाँगबोची (लांब धनुष्याची) मुठीतली स्लीव्ह, म्हणजे दोन्ही तुकडे जोडणारी नळी, खुळखुळते, दोरी ओढताना कधीकधी 'टक' असा आवाज येतो, आणि त्यावर टेप गुंडाळावी की गोंद भरावा. दोन्हीच्या आधी नेमकं काय हलतंय ते शोधा. सगळं त्यावरच अवलंबून आहे.

या सांध्यात एका तुकड्याला नळी असते आणि दुसऱ्याचा खुंटा तिच्यात बसतो. हलणाऱ्या जागा दोन असू शकतात. खुंटा नळीत सैल झाला असेल, तर दुरुस्ती घरी होते. पण नळी किंवा खुंटाच मुठीच्या लाकडापासून सुटला असेल, तर तो धोका आहे. ओळखायला सोपं आहे. मुठीवरचं चामडं बाजूला करा आणि जिथे लाकूड संपून स्लीव्ह सुरू होते, तिथे दोन्हींवरून जाणारी एक बारीक पेन्सिलरेष ओढा. खुंट्याच्या बाजूलाही तशीच ओढा. दोरी चढवून दोन-चार वेळा अर्धवट ओढा, दोरी उतरवा आणि रेषा पाहा. रेष तुटून सरकलेली दिसली, तर गोंद सुटला आहे. तसंच नळीच्या तोंडाशी केसाएवढी जरी चीर दिसली, तरी त्या धनुष्याने एकही बाण मारू नका. धनुष्य बनवणाऱ्याकडेच द्या. सांधा हातात आणि चेहऱ्यासमोर असतो. इथे धाडस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रेषा जागच्या जागी असतील, तर पुढचं पाहू. दोरी नसताना थोडी हालचाल असली म्हणजे सांधा बिघडलाच असं नाही. दोरी चढली की दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग) तिरंदाजाकडे खेचल्या जातात. मग खुंट्याचं टोक नळीच्या लक्ष्याकडच्या भिंतीवर दाबलं जातं आणि नळीच्या तोंडाशी तो तिरंदाजाकडच्या भिंतीवर टेकतो. त्यामुळे मागे-पुढे असलेली फट आपोआप भरून निघते. झीजही याच दोन जागी, तिरकी होते. खरा त्रास आडव्या हालचालीचा आणि पिळाचा. तो दोरीच्या ताणाने पूर्ण जात नाही. भुजा दर वेळी किंचित वेगळ्या कोनात बसतात आणि बाण डावीकडे-उजवीकडे भरकटतात. म्हणून दोरी चढवून मागून बघा: दोरी दोन्ही भुजांच्या मधोमध दिसते का? मग सांधा सोडून पुन्हा जोडा आणि पुन्हा बघा. जागा बदलत असेल, तर दुरुस्ती हवीच.

आधी साफसफाई. दोन्ही भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुनं मेण आणि धूळ साचल्यामुळे खुंटा पूर्ण आत जात नाही आणि आवाजही येतो. कित्येकदा प्रकरण इथेच मिटतं.

टेप मी फक्त तात्पुरता उपाय मानतो. ती दाबाखाली सरकते, कडेला गोळा होते आणि सांधा दर वेळी वेगळा बसतो. कायमचा उपाय म्हणजे खुंट्यावर इपॉक्सीचा (दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाचा) पातळ थर चढवणे. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, सावकाश घट्ट होणारं घ्या. खुंटा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, पुसा, नंतर बोट लावू नका. नळीच्या आत मात्र गोंद चिकटू नये म्हणून पेस्ट वॅक्सचे (मेणाच्या लेपाचे) दोन हात द्या, एकही कोपरा सुटू देऊ नका. सुटला तर धनुष्य कायमचं एकसंध होईल. इपॉक्सी कमीच लावा, कारण बंद नळीत जादा गोंदाला आणि हवेला बाहेर पडायला वाट नसते. खुंटा बसवा, टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून दोन्ही भुजा एका रेषेत आणा, ओघळ पुसा आणि तसंच आधार देऊन ठेवा.

सांधा कधी सोडायचा, हा यातला नाजूक भाग. कालवलेल्या भांड्यातल्या उरलेल्या इपॉक्सीत नख रोवून पाहा. ते चिकटत नसेल पण नखाची खूण उमटत असेल, तेव्हाच हळू ओढून खुंटा बाहेर काढा. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात, तर काढताना फार झगडावं लागेल. सुटलेला खुंटा एक दिवस तसाच ठेवा. मग नळीत मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा, खुंटा घालून काढा आणि जिथे काळं उमटेल तेवढंच 400 नंबरच्या पेपरने घासा. शेवटचे काही मिलिमीटर जोर लावून आत जायला हवेत. हातोडी मुळीच नको, आणि गरम करून सैल करण्याचा प्रयत्नही नको. बरीच घरगुती इपॉक्सी 60 अंशांच्या आसपासच मऊ पडतात. उन्हात बंद गाडीत धनुष्य न ठेवण्याचं कारणही हेच.

जोडल्यावर दोरी आणि मुठीतलं अंतर मोजा. खुंटा पूर्वीइतका खोल बसत नसेल, तर ते बदलतं. आधी नुसतं अर्धं ओढा आणि दोरी हातातच धरून हळूच मूळ जागी आणा. मग जवळून थोडे बाण मारा आणि सांधा उघडून नव्या थरावरच्या खुणा पाहा. त्या वर सांगितलेल्या दोन जागी, रुंद आणि सारख्या दिसायला हव्यात. एकाच कडेला बारीक चकाकी असेल, तर तेवढाच उंचवटा घासून पुन्हा जोडा.