वाचकांचे प्रश्न : चिपवरचे यकृत

प्रश्न : औषधे आधी प्राण्यांवर तपासली जातातच, मग प्रयोगशाळेत यकृत वाढवण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : शंका रास्त आहे. हिपॅटायटिस-बीवरचे फियालुरिडिन हे औषध प्राण्यांवरील चाचण्यांत निर्धोक वाटले होते; पण १९९३ साली अमेरिकेत ते घेणाऱ्या १५ रुग्णांपैकी ७ जणांचे यकृत निकामी झाले, त्यांतील ५ दगावले आणि दोघे यकृतरोपणामुळे वाचले. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) हे औषध ज्या वाटेने शिरते, ती वाट उंदराच्या मायटोकॉन्ड्रियात नसते, हे नंतर उमगले.

म्हणूनच औषध माणसाच्या यकृतपेशींवर तपासण्याची गरज भासते; पण सपाट बशीत वाढवलेल्या यकृतपेशी काही दिवसांतच आपले गुणधर्म गमावतात. चिपमध्ये, म्हणजे बारीक वाहिन्या असलेल्या छोट्याशा पट्टीत, मात्र सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला यकृतपेशी आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या व इतर साहाय्यक पेशी ठेवून पोषकद्रव सतत वाहता ठेवतात, त्यामुळे यकृतपेशी अधिक काळ अल्ब्युमिन हे प्रथिन तयार करत राहतात. ते घटू लागले की विषबाधेचा सुगावा लागतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २७ औषधांच्या एका अभ्यासात अशा चिपने घातक औषधांपैकी ८७ टक्के ओळखली आणि निर्धोक औषधांपैकी एकावरही चुकीचा ठपका ठेवला नाही. तथापि हा अभ्यास चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा होता, हे ध्यानात घ्यावे. शिवाय रोगप्रतिकारशक्तीच्या गुंतागुंतीतून होणारी यकृताची इजा अशा चिपला पकडणे अजून अवघडच जाते.