सात टाक्यांची लाइन आणि अर्जात ‘सांडपाणी निरंक’

तुम्ही लिहिलंय: पावडर कोटिंगचं (धातूवर पावडरचा रंग चढवण्याचं) युनिट, कन्सेंटचं, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीचं नूतनीकरण अडकलेलं, हातात कारणे दाखवा नोटीस आणि कन्सल्टंट म्हणतोय, ‘टेन्शन घेऊ नका, मी बघतो.’ तुमच्या पोस्टमधलं हे शेवटचं वाक्य आम्हीही बराच काळ ऐकलंय, म्हणून लिहितोय.

जल कायदा, वायू कायदा, प्रदूषणानुसार कारखान्यांचे रेड-ऑरेंज-ग्रीन वर्ग वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो. आजच्या आज मंडळाच्या पोर्टलवर जाऊन तुमच्या खात्याला कुणाचा ईमेल आणि मोबाइल जोडलाय ते बघा. आमच्या खात्याला कन्सल्टंटच्या ऑफिसचा होता. मंडळाच्या सगळ्या क्वेरी तिकडे जायच्या, तिथे त्या कुणी उघडायचं नाही. मुदतीत उत्तर नाही म्हणून अर्ज परत आला. आम्ही फोन केला की ठरलेलं उत्तर, ‘फाइल साहेबांच्या टेबलावर आहे.’

पण खरा घात केला तो अर्जातल्या पाण्याच्या हिशोबाने. या कन्सल्टंट महाशयांनी कुठल्या तरी फॅब्रिकेशनवाल्याचा अर्ज उचलून आमचं नाव टाकलं होतं. औद्योगिक सांडपाणी: निरंक. घातक कचरा: नियमांच्या यादीतला फक्त क्रमांक ५.१, म्हणजे वापरलेलं तेल. आणि आमच्याकडे रंगाआधी धातू साफ करायची डीग्रीसिंग (तेल-ग्रीस काढणं), पाणी, डीरस्टिंग (ॲसिडने गंज काढणं), पाणी, फॉस्फेटिंग, पाणी, पॅसिव्हेशन अशी सात टाक्यांची लाइन! मंडळाचे फील्ड ऑफिसर आले, ॲसिडनंतरच्या रिन्स (धुण्याच्या पाण्याच्या) टाकीचा ओव्हरफ्लो गटाराकडे जाताना बघितला, एमआयडीसीचं पाण्याचं बिल मागितलं आणि अर्जातल्या आकड्याशेजारी ठेवलं. पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. तिथल्या तिथे सॅम्पल घेतलं.

भोग तिथेच संपले नाहीत. त्याच यादीत फॉस्फेटिंगचा गाळ १२.५ मध्ये येतो, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) गाळ ३५.३ मध्ये, केमिकलचे रिकामे ड्रम ३३.१ मध्ये. कन्सेंटमध्ये यातलं काहीच नाही, त्यामुळे सामायिक विल्हेवाट केंद्र गाळ घेईना. नियमाने तो ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पाठवता येत नाही, ठेवता येत नाही, गोणी शेडमध्ये पडून. त्यात मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आलं आणि वैध कन्सेंट नाही म्हणून ऑर्डर थांबली. कन्सल्टंटने यातला एक रुपया भरला नाही, उलट ‘दुरुस्ती’चं वेगळं बिल लावलं! कागदावर जबाबदार आपणच, सही आपली.

म्हणून माझं स्पष्ट मत: कन्सल्टंट ठेवा, पण पाण्याचा हिशोब स्वतः करा. प्रत्येक रिन्स टाकी दिवसाला किती भरते, बाथ (टाकीतलं केमिकलचं द्रावण) कधी बदलतो, हे तुमच्या सुपरवायझरइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अर्ज जाण्याआधी ओळ न् ओळ वाचा. स्वयंप्रमाणनावर नूतनीकरण ‘झटपट करून देतो’ म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहा. उत्पादन आणि प्रदूषणाचा भार वाढलेला नाही, असं त्यात आपण लिहून देत असतो.

नोटिशीला उत्तर मुदतीत आणि तुमच्याच लेटरहेडवर द्या. ‘आरोप अमान्य’ छापाचं वकिली पत्र नको. काय केलं, काय बाकी, कधी होणार, सोबत ईटीपीचे फोटो आणि खरेदीची बिलं. पोहोच घ्या. आम्हाला बँक गॅरंटी द्यावी लागली, पण मशीन बंद झाली नाहीत.

जाता जाता: ईटीपीला वेगळं वीज मीटर लावा आणि रीडिंग रोज वहीत लिहा. ‘प्लांट चालतो का?’ या प्रश्नावर याहून चांगला पुरावा नाही. सीएचं गुंतवणुकीचं प्रमाणपत्र घसारा वजा न करता घ्या, कन्सेंटची फी गुंतवणुकीवर ठरते, नाहीतर फीची क्वेरी येतेच. फॉर्म ४ची (घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणपत्राची) ३० जून आणि पर्यावरण विवरणपत्राची ३० सप्टेंबर कॅलेंडरवर मारून ठेवा. ड्रम भंगारवाल्याला मुळीच देऊ नका, भाव कितीही देऊ दे.

मी वकील नाही, आणि प्रत्येक कार्यालयाची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा हे एका कारखानदाराचं मत समजा. तुमच्या नोटिशीत कुठलं कलम लिहिलंय ते मात्र इथे टाका. जल कायद्याचं ३३अ किंवा वायू कायद्याचं ३१अ असेल तर वीज-पाणी तोडण्याचा आदेश निघू शकतो. तसं असेल तर कन्सल्टंटची वाट न बघता उद्याच उपप्रादेशिक अधिकाऱ्यांची वेळ घ्या, आणि जाताना पाण्याचं बिल बरोबर ठेवा.