अंबाडीच्या धाग्यावर करिअर होतं का?

«मुलगी नागपुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिला अंबाडी आणि जवसाच्या तंतूंचं कंपोझिट बनवून त्याचा 'फटिग' तपासायचा आहे. मैत्रिणी सगळ्या कोडिंगमागे लागल्यात. दोरखंडाच्या धाग्यात तिचं काय होणार?» – एक आई, नंदनवन

ताई, नमस्कार.

विषय तिने खरोखर चांगला निवडलाय. कंपोझिट म्हणजे तंतू इपॉक्सीसारख्या चिकट राळेत बसवून केलेला पदार्थ. विहिरीवरचा दोर आठवा. भरल्या बादलीने तो पहिल्या दिवशी तुटत नाही. तोच ताण रोज पडून-सुटून एक दिवस तो तुटतो. (तिथे घासणंही असतं, ते वेगळं.) फटिग म्हणजे हा थकवा. जर्मन गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनलमध्ये वनस्पतींचे तंतू १९९०च्या दशकापासून वापरतात, पण तिथे भार फारसा नसतो. भार पेलणाऱ्या भागांत ते घालायचे तर ते किती काळ टिकतील, हे आधी कळायला हवं. तिच्या प्रोजेक्टचा प्रश्न हाच आहे.

आणि धागा कोणताही असो, हातात राहणार ते फटिग टेस्टिंगचं शिक्षण. पवनचक्कीचं पातं त्याच्या आयुष्यात दहा कोटींच्या वर हेलकावे खातं. त्याचं डिझाइन फटिगवरच बेततात. आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात तर बोइंग ७८७ साठी कंपोझिटचे फ्लोअर बीम बनलेले आहेत.

माझी काळजी वेगळी आहे: मशीन. कॉलेजातलं यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) नमुना एकदा ओढून तोडतं, तेवढ्याने भागणार नाही. फटिगच्या मशीनवर सेकंदाला पाच आवर्तनं धरली, तर दहा लाखांना ५५ तासांहून जास्त लागतात, तेही एका नमुन्याला! वेग वाढवावा तर नमुना आतून तापतो आणि निकाल बिघडतो. चार-पाच भारांवर प्रत्येकी चार-पाच नमुने धरा, मशीन कित्येक आठवडे अडकतं. म्हणून विषय पक्का करण्याआधी गाइडना व्हीएनआयटी या नागपूरच्याच इंजिनीअरिंग संस्थेच्या मटेरियल्स विभागात किंवा एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये वेळ मिळेल का ते विचारायला सांगा. नाहीच मिळाली, तर ओलीचा परिणाम हा विषय घ्यावा. तोही तितकाच मोलाचा आहे: अंबाडीसारखाच धागा असलेल्या तागाच्या व्यापारात वजनाचा हिशेबच १३.७५ टक्के ओल धरून होतो, इतकं पाणी हा धागा ओढतो. आपल्या मे महिन्यात बनवलेला नमुना जुलैत तसाच राहणार नाही; ओव्हनमध्ये सुकवून बंद पिशवीत ठेवायची सवय तिला आत्तापासून लागू द्या.

जवस मात्र सोडावं असं मला वाटतं. विदर्भातलं जवस तेलाचं. लांब धाग्याचे वाण वेगळे. अंबाडी गावाकडे सहज मिळते.

नमुना तुटला की तुटलेलं टोक तिने भिंगाखाली नीट बघावं. खराट्यासारखे तंतू बाहेर आलेले असतील तर इपॉक्सीची पकड सुटलेली. सपाट तुटला असेल तर पकड घट्ट होती, तंतूच मोडले. मुलाखतीत असा एक फोटो समोर ठेवून तिला दहा मिनिटं बोलता आलं, तर समोरच्याला कळतं की काम तिने स्वतः केलंय.

पुढे एम.टेक. करायचं असेल तर गेट या प्रवेशपरीक्षेची तयारी याच उन्हाळ्यात सुरू करावी. कोडिंगही थोडं शिकू द्या. हजारो आकड्यांचा आलेख हाताने निघत नाही.

मशीनचं काय ठरलं, ते मला नक्की कळवा.