नवीन गाडी घेताना डीलरशी भाव कसा करावा?

“महिन्याला किती हप्ता परवडेल?” असं सेल्समनने विचारलं की आकडा सांगू नका. कर्जाची मुदत वाढवली की हप्ता आपोआप कमी दिसतो. गाडी तेवढ्यालाच पडते, वर व्याज जास्त. आधी फक्त ऑन-रोड किमतीवर, म्हणजे कर, नोंदणी आणि विमा धरून होणाऱ्या एकूण किमतीवर बोला. कर्ज आणि जुन्या गाडीचं एक्स्चेंज नंतर. तिन्ही एकत्र आले की इकडे दिलेली सूट तिकडून वसूल होते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

खरा जोर दोन-तीन डीलरांच्या लेखी कोटेशनमध्ये असतो. मॉडेल, व्हेरिएंट, रंग तोच सांगा आणि कोटेशन ओळीओळीने वाचा: हँडलिंग चार्जेस, अ‍ॅक्सेसरीज पॅक, कोटिंग, वाढीव वॉरंटी. यातलं बरंचसं ऐच्छिक असतं, पण छापलेलं असल्यामुळे सक्तीचं वाटतं. विमा बाहेरही विचारून बघा.

महिनाअखेरीला टार्गेटची घाई असते, तेव्हा जा. स्टॉकमधली गाडी मागच्या वर्षी बनलेली असेल तर जास्त सूट मागा, कारण पुढे विकताना ती एक वर्ष जुनीच धरली जाईल. वेटिंग असलेल्या मॉडेलवर मात्र फार घासाघीस चालत नाही. ठरलेला आकडा लेखी मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.