८७ झाले, १३ राहिले

पोरी,

रात्री पावणेदोनला टाकलेला तुझा मेसेज मी सकाळी दूध आणायला निघताना बघितला. पुण्याला गेल्यापासून "मी बघते, मी जाते" चालू झालंय तुझं, पण घाबरलीस की लगेच "मी जातो, मी करतो" ह्या आपल्या कोल्हापुरी बोलण्यावर येतीस. "काका मी सगळं डिलीट करून टाकतो" असं लिहिलंयस ना, तिथंच कळलं की प्रकरण साधं नाही.

मला समजलं ते असं. वर्षभरात १०० गोष्टी बघायच्या, पिक्चर, कोरियन सिरीयली, ते जपानी कार्टून (बरं बाई, ॲनिमे), आणि त्या ॲपवर यादी करून स्टार द्यायचे. ८७ झाले, १३ राहिले, आणि इकडं मावशीचं अख्खं ठाणं घरात उतरलंय, अकरा माणसं आणि एक बाथरूम, आई म्हणतीय पोरगी घरात असून नसल्यासारखी, आणि तू माडीवर पांघरुणात घुसून दीडपट स्पीडवर एपिसोड उरकतीयस. परवा सगळी गुऱ्हाळावर जाऊन गरम गरम काकवी खाऊन आली, तू डोकं दुखतंय म्हणून मागं राहिलीस. मग खाली आजीनं "पोरगीचं डोकं चेपून देऊ काय" विचारलं आणि तुला रडू आलं. आणि आता एकदम पाच वर्षांची यादीच उडवायची.

उडवायची नाही. आधी ते बोट बाजूला घे.

छंद चांगला असतो, मन रमतं, असलं काही मी तुला सांगत बसणार नाही. आपल्या गावात नाद म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, पेठेच्या फुटबॉल मॅचपायी साखरपुडा पुढं ढकललेली माणसं मी बघितलीत. नादाबद्दल माझं काही म्हणणंच नाही. माझं म्हणणं यादीबद्दल आहे. तुझ्या यादीत एक रकाना कमी आहे. कुणाबरोबर बघितलंस ते लिही. बस. पण हे एवढंसं का सांगतोय ते सांगायला मला जरा लांबून यायला लागेल, तू चहा घे.

माझ्याकडं एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. आमच्या वेळी बुधवारी रात्री आठ म्हणजे रेडिओ सिलोन आणि बिनाका गीतमाला. १९५२ ला सुरू झालेला कार्यक्रम, माझ्या जन्माच्या आधीचा, आणि मला समज आली तेव्हा तर तो सणासारखा होता. अमीन सयानींचं "बहनो और भाइयो" ऐकू आलं की गल्लीतल्या चार घरांतनं तोच आवाज. आठवड्याच्या आठवड्याला गाण्यांचे नंबर, पायदान म्हणायचे त्याला, आणि डिसेंबर संपताना अख्ख्या वर्षाचा हिशेब, खालून वर वर चढत जायचं आणि शेवटी पहिल्या नंबरचं गाणं. मी ते सगळं लिहून घ्यायचो. नंबर, गाणं, पिक्चर, गायक, संगीतकार, लाल शाईनं रेघ. म्हणजे तुझं ॲप मी पन्नास वर्षांपूर्वी चालवत होतो, फक्त चार्जिंग लागत नव्हतं.

१९७५ ला मी सतरा वर्षांचा. त्या साली पहिला नंबर 'रोटी कपडा और मकान' मधल्या महागाईच्या गाण्याचा. वडील, म्हणजे आमचे आबा, शाहू मिलला होते. माझ्या डोक्यात चित्र असं आहे की वडील उंबऱ्यात उभे आहेत, खांद्यावर पंचा, गाणं लागलंय, आणि ते म्हणतात, "खरं हाय त्याचं." एवढंच म्हणून आत गेले. माझ्या नादाबद्दल वडील आयुष्यात एकदाच बरं बोलले असतील तर ते हे. आणि माझा धाकटा भाऊ, इचलकरंजीचा, म्हणतो की असलं काही झालंच नाही, त्या आठवड्यात आबा दुसऱ्या पाळीला होते, रात्री आठला ते घरी कसे असतील? दर दिवाळीला आमचं ह्यावरनं वाजतं. फराळाचं ताट पुढं ठेवून दोन म्हातारे भांडतात आणि बायका आत हसतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत सयानी गेले, त्या दिवशी मी माळ्यावरनं वही काढली. म्हटलं आता एकदाचं बघूच. बघितलं. गायक आहे, संगीतकार आहे, मागच्या आठवड्यात गाणं कितव्या नंबरला होतं ते पण आहे. आबा नाहीत. घरात त्या रात्री कोण होतं, कोण नव्हतं, एक अक्षर नाही. सतरा वर्षांच्या शहाण्यानं अख्खं घर सोडून सगळं लिहिलंय.

आणि माझी आजी. ती लसूण सोलत बसायची आणि तिला नेमकं नंबर सांगायच्या वेळेलाच बोलायचं असायचं. एकदा मी तिच्यावर ओरडलो, "गप की जरा!" ती गप झाली. त्यानंतर गीतमाला चालू असताना ती बोललीच नाही कधी, लसूण घेऊन परसात जायची. ७६ च्या शिमग्याला ती गेली. ते ओरडणं ७५ चं की त्याच्या आदल्या वर्षीचं हे मला आता आठवत नाही. आदल्या वर्षीचं असलं तर बरं, म्हणजे मधे एक वर्ष तरी गेलं. पण वही काही सांगत नाही.

आता तू म्हणशील काका तुम्हीच तसे वागलात आणि मला शिकवताय. वागलो. पण माझी बाजू पण ऐक की. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा, मधेच एखादं गाणं खरखरीत बुडून जायचं, आणि एकदा गेलं ते गेलं, परत लावायची सोय नाही. रेकॉर्डिंग आमच्या घरात कुठलं? रेडिओचं लायसन पोस्टात भरताना आबांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. अशा वेळी कुणी मधे बोललं तर माणूस ओरडणार नाही काय? सतरा वर्षांचं पोरगं ओरडणारच. मी आजपर्यंत हे स्वतःला हजार वेळा सांगितलंय, आज तुला सांगतोय, पटलं तर बघ.

पण तुला पॉज आहे ना गं! म्हणूनच डोकं फिरतं माझं. माझ्याकडं पॉज नव्हता म्हणून मी आजीला गप केलं, तुझ्याकडं पॉज, रिवाइंड, सबटायटल, सगळं असून तू गुऱ्हाळ चुकवलंस. आणि दीडपट स्पीड हे काय असतं? मी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवली, घाईनं स्पीड वाढवला की जॉबवर रेघा उठतात आणि टूलचं टोक उडतं ते वेगळंच. ज्यांनी ती सिरीज केली त्यांनी माणसं बोलताना मधे थांबतात ते मुद्दाम ठेवलेलं असणार, तू ते थांबणंच कापून टाकतीयस. असले ८७ मी तरी ८७ धरत नाही. जाऊ दे, रागवू नकोस, विषय तो नाही.

विषय हा की कुणाबरोबर बघितलंस ते लिही. एकटीनं बघितलं असलं तर "एकटी, हॉस्टेल, पाऊस" असं लिही, एकटं बघण्यात काही पाप नाही, अर्धे पिक्चर एकट्यानंच बघायचे असतात. पण लिही. मी लग्नानंतर सुरू केलं हे, उशिरा का होईना. तिकिटाच्या मागं बॉलपेननं. पद्मा टॉकीजचं एक तिकीट आहे, त्यावर "मी, ही, मेव्हणा, धाकटा मांडीवर, इंटरवलला वडा सांडला" एवढं आहे. पुढच्या बाजूची छपाई पार उडालीय, पिक्चर कुठला ते कळत नाही. धाकटा आता पस्तीसचा आहे आणि तरी तो वडा मी सांडला नाही म्हणतो. तिकीट दाखवलं की गप बसतो. भावाला असं एखादं तिकीट दाखवता आलं असतं तर काय पाहिजे होतं. हिला हा येडेपणा वाटतो. परवा मटणाच्या बिलामागं मी "पाच जण, शेजारची पोरगी आली नाही" लिहिलं, तर म्हणाली आता बास करा. मी नाही बास करणार.

तर १३ चं काय करायचं. सोडून दे. ८७ म्हणजे ८७, कोण विचारणार आहे? ॲपवाला घरी येणार आहे काय? आणि जुन्या यादीत आठवेल तसं भरत जा, पाच वर्षांतलं सगळं आठवणार नाही, पण दहावीच्या सुट्टीत आजीला हिंदी डब केलेली कोरियन सिरीज दाखवलीस आणि तिनं त्या हिरोच्या आईला शिव्या घातल्या हे तूच मला सांगितलं होतंस, ते कुठं लिहिलंयस का? नाही ना. आजी आहे तोपर्यंत विचारून घे, तिला त्या बाईचं नाव अजून पाठ असेल.

३१ तारीख यंदा बुधवारी आलीय. (१९७५ ला पण बुधवारच होता, मी कॅलेंडर काढून बघितलं.) मार्गशीर्ष कधीच संपलाय, गुरुवार दुसऱ्या दिवशी, म्हणजे तुमच्या आईची पण काही हरकत नसणार. आमच्यात तांबडा-पांढरा होणार आहे आणि तुमची अकरा माणसं धरून ही दोन किलो आणायचं म्हणतीय, मी तीन म्हणतोय, बघू. रंकाळ्यावर गर्दीत धक्के खायला जाऊ नका, आमच्या सोप्यात टीव्ही मोठा आहे, ८८ वा तिथं लाव, सगळ्यांना चालेल असा. ठाण्याची पोरं मधे बोलणार, मावशी "हा कोण, तो मगाचाच का" विचारणार, आजी झोपणार. पॉज करायचा, सांगायचं, परत लावायचं. साध्या स्पीडवर.

येताना वरणाचं मोठं पातेलं आण, झाकणाचं. मागच्या वेळी पांढरा रस्सा जिन्यात सांडला होता आणि तो तू सांडला नाहीस असं तू म्हणतीस, पण माझ्याकडं लिहून ठेवलंय.

काका