मोबाईल काढून घेऊ काय, मॅडम?

पोराला ऑनलाइन छळतात हे कळलं की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. हे बाबा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाळी संपवून थेट आले होते, नखांत काजळी तशीच. मुलगा खानापूरकडचा, मराठी शाळेतून दहावी होऊन बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला. (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.) रोज सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

मुलानं फोन टेबलावर पालथा ठेवला. फोन थरथरला की पोराचे खांदे वर जायचे.

वर्गात कन्नडचा धडा वाचताना तो एका जोडाक्षरावर अडखळला होता. कुणीतरी शूटिंग केलं, त्याच्या उघड्या तोंडाचा स्टिकर झाला. मग त्याच्या नावानं बनावट इन्स्टाग्राम खातं, त्यावरून मुलींना घाणेरडे मेसेज. करणारी कन्नड पोरं असणार, असं बाबांनी धरूनच ठेवलेलं. आमच्याकडे असं वाटायला वेळ लागत नाही. निघाली त्याच्याच बसला येणारी, गावातली मराठी पोरं.

त्याला टोचत होतं ते वेगळंच. पहिल्या स्टिकरखाली त्यानं स्वतःच हसरा इमोजी टाकला होता. "आता कुठल्या तोंडानं तक्रार करू?" मी म्हटलं, सगळे हसताना एकटं पडायच्या भीतीनं माणूस हसतो, तो होकार नसतो. हे त्याला पटायला तीन भेटी लागल्या.

"घरी का नाही सांगितलंस?"

"मोबाईल गेला असता की."

बाबा नखं बघत बसले.

आधी काहीच डिलीट न करता, तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले. उलट उत्तर एकही नाही. मग रिपोर्ट, ब्लॉक, प्राचार्यांना अर्ज आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66डी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खातं बंद झालं. स्टिकर मात्र अजून कुणाकुणाच्या फोनात असणार, तेही त्याला सांगितलं. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर लिहून दिला.

कन्नडची भीती वेगळी काढावी लागली. माझंही कन्नड यथातथाच, म्हणून दोघांनी मिळून बसच्या पाट्या मोठ्यानं वाचल्या. मी जास्त चुकले.

शेवटच्या भेटीत बाबा दारातून परत वळले. "मग रात्री तरी काढून घेऊ काय?"

"घ्या की. घरातल्या सगळ्यांचे घ्या, तुमचाही."

पोरगा हसला.